महाड : बंदर, लेणी आणि तळं



महाड म्हटलं की आपल्याला एक तारीख आठवते. २० मार्च. त्या दिवशी आपण एसटीनं, टेम्पोनं, मिळेल त्या गाडीनं महाडला जातो. चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी घेतो, क्रांतिस्तंभापुढं हात जोडतो, रस्त्यावर मांडलेल्या दुकानांतून दोन पुस्तकं आणि एक बिल्ला घेतो, आणि रात्रीच्या गाडीनं परत फिरतो. दुसरीकडं सहलीची पुस्तकं काढून बघा. त्यांत महाड म्हणजे रायगड चढायच्या आधी चहा प्यायचं ठिकाण. तळ्याला एक ओळ, तीही शेवटी.

या दोघांच्या मधे महाड नावाचं गाव हरवलंय. ते आपल्यालाच शोधावं लागेल, दुसरा कुणी शोधून देणार नाही.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करतो. शाळा दहावीला सुटली. पुढचं जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर, सार्वजनिक वाचनालयात, पेंगत पेंगत. तेव्हा इतिहासाचा मास्तर म्हणून मी बोलत नाही. पण एक प्रश्न मला कायम छळायचा. पाणी तर सगळ्या महाराष्ट्रात बंद होतं. प्रत्येक गावात एक विहीर होती आणि विहिरीवर एक नकार होता. मग १९२७ साली लढा पेटला तो महाडलाच का? बाबासाहेबांनी बोट ठेवलं आणि महाड निघालं, असं काही झालं नाही. त्यामागं गावाची घडण आहे, आणि ती घडण पाण्याची आहे.

आधी गाव कुठं आहे ते बघू. सह्याद्रीतून सावित्री नदी उतरते, महाडजवळ तिला गांधारी मिळते, आणि पुढं ती बाणकोटला समुद्रात जाते. बाणकोटच्या मुखातून भरतीचं पाणी खाडीनं आत चढतं, ते थेट दासगाव-महाडपर्यंत येतं. म्हणजे समुद्र दूर, पण भरती-ओहोटी दारात. पाठीमागं वरंध घाट आहे, तो भोरकडं जातो. पोलादपूरवरून आंबेनळी घाट आहे, तो महाबळेश्वरकडं चढतो. पुढं खाडी आणि मागं घाट, असं ज्या गावाचं नशीब, ते गाव बाजाराचं होणारच. घाटावरून बैलांच्या पाठीवर धान्य, गूळ, कांदे, हिरडा उतरायचा. खालून मीठ, सुकी मासळी, नारळ वर चढायचा. मोठी गलबतं दासगावला थांबायची. लहान मचवे भरती साधून महाडपर्यंत यायचे.

आता मला सांगा, ही पोती कोण उचलत होतं? गलबतातून काठावर, काठावरून वखारीत, वखारीतून बैलाच्या पाठीवर? व्यापाऱ्याचं नाव वहीत राहतं. पोत्याखाली वाकलेल्या पाठीचं नाव कुठल्याच वहीत नाही. पण बंदर चाललं ते त्या पाठीवर. मिठाच्या पोत्याला हमालाचा घाम लागला तर मीठ बाटत नव्हतं. तेच मीठ सवर्णाच्या आमटीत पडत होतं. हमालाला तहान लागली की मात्र पाणी बाटत होतं. हे गणित नीट ध्यानात ठेवा. पुढं सगळं याच गणितावर आहे.

हा व्यापार काल-परवाचा नाही. महाडपासून तीन-चार किलोमीटरवर, मुंबई-गोवा रस्त्याला लागून, पाले गावाच्या डोंगरात गांधारपाल्याची लेणी आहेत. तिशीच्या आसपास लेणी. खाली नदी वाहते, वर खडकात भिक्खूंच्या खोल्या. बौद्ध लेणी जुन्या व्यापारी वाटांच्या कडेला सापडतात, कारण तांडे त्या वाटांनी जात होते, दान देणारे त्या वाटांनी जात होते, आणि भिक्खूही त्याच वाटांनी चालत होते. गांधारपाल्याला ब्राह्मी लिपीतले, प्राकृत भाषेतले लेख आहेत. साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले. त्यांतला एक आहे कुमार काणभोज विष्णुपालिताचा. त्यानं काय दिलं त्याची यादी दगडात कोरलीय. एक लेणं, चैत्यगृह, आठ खोल्या, लेण्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या दोन पोढ्या, आणि लेण्याकडं जाणारी वाट.

पोढी म्हणजे खडकात कोरलेलं पाण्याचं टाकं. वाचलंत ना? महाडच्या पंचक्रोशीत दगडावर लिहिलेला हा जुन्यातला जुना पाण्याचा कागद, आणि तो पाणी देण्याचा आहे. पाणी दिलं, आणि पाण्यापर्यंत जायची वाटही दिली. दुसऱ्या एका लेखात एक गृहपती चैत्यगृह देतो आणि त्याच्या खर्चासाठी शेत लावून देतो. सावित्रीच्या काठी कोल गावातही लेणी आहेत, तीही लहान-मोठ्या दात्यांची. या डोंगरात राजपुत्र आहे तसा गृहस्थ आहे. जे पुढं धर्म म्हणून पाणी अडवत होते, त्यांच्या हातात असा एकही दगड नव्हता. आपल्या हातात होता. फक्त आपल्याला वाचता येऊ दिलं नव्हतं.

मधल्या काळाबद्दल शाळेच्या पुस्तकात भरपूर आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. महाडपासून पंचवीसेक किलोमीटरवर रायगड. ६ जून १६७४ला शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक तिथं झाला. राजधानी डोंगरावर आणि तिचं पाणवाटेचं दार महाडकडं. राजधानीला मीठ लागतं, धान्य लागतं, कापड लागतं. गडावर आता दोरवाटेच्या पाळण्यातून पाच मिनिटांत जाता येतं. पण पायऱ्यांनी चढा. चढताना पाणी किती लागतं ते कळेल, आणि गडावरची तळी-टाकी बघताना राज्य कशावर उभं राहतं तेही कळेल. पुढं पेशवाईत, १७९६ साली, नाना फडणवीस पुण्यातून निसटून महाडला येऊन बसला आणि इथूनच त्यानं निजामाशी तह जमवला. त्याला महाडचा तह म्हणतात. म्हणजे पेशव्याच्या कारभाऱ्याला अडचणीत आसरा द्यायला हे गाव चांगलं होतं. त्याच पेशवाईत आपल्या माणसाला रस्त्यावर थुंकायचीही सोय नव्हती, हे काही तहात लिहिलेलं नाही.

आता वळणाची गोष्ट. १७५६ साली खाडीच्या मुखावरचा बाणकोट किल्ला पेशव्यांनी इंग्रजांना दिला. पश्चिम किनाऱ्यावर मुख्य भूमीवरची इंग्रजांची ही पहिली जागा. कंपनीला फौज पाहिजे होती आणि कोकणातल्या महाराला पोट पाहिजे होतं. कंपनीच्या मुंबई फौजेत कोकणचे महार मोठ्या संख्येनं भरती झाले. लष्करात शाळा होती. सक्तीनं शिकवत. गावात अक्षराला शिवू न देणाऱ्यांची पोरं जे शिकत नव्हती ते महार शिपायाची पोरं शिकायला लागली. नोकरी संपवून पेन्शनर घरी परतले, ते महाड, दासगाव, मंडणगड, दापोली या पट्ट्यात. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे याच पट्ट्यातलं, सावित्रीच्या पलीकडं, मंडणगड तालुक्यात. सुभेदार रामजी याच फौजेतले.

आणि त्यांच्याही आधीचे गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढळचे. १८८६ साली लष्करातून निवृत्त झाले. जोतीरावांच्या विचारात तयार झालेला हा माणूस 'दीनबंधू'त लिहायचा. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिलं आणि धर्माच्या ठेकेदारांना सवालावर सवाल टाकले. १८९५ साली सरकारनं त्यांना महाड तालुका लोकल बोर्डावर नेमलं. बोर्डातल्या सवर्णांना त्यांच्या शेजारी खुर्चीवर महार बसलेला सोसला नाही, त्यांनी गदारोळ केला. हे १८९५चं महाड आहे, मित्रांनो. तळ्याच्या बत्तीस वर्षं आधी खुर्चीचं भांडण झालंय. आपल्या भाषणांत वलंगकरांचं नाव किती वेळा येतं? माझ्या ऐकण्यात फार कमी. रावढळला जायचं तर दूरच.

मग आले रामचंद्र बाबाजी मोरे. जन्म १९०३, महाडजवळच्या लाडवलीचे, वाढले दासगावात. स्कॉलरशिप मिळवलेलं पोर, पण महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश नाकारला. कारण शाळा ज्याच्या घरात भरत होती त्या घरमालकाला महाराचं पोर वास्तूत नको होतं. अकरा-बारा वर्षांच्या त्या पोरानं काय केलं? पेपराला पत्र लिहिलं. बोंब झाली, प्रवेश मिळाला. बसायला जागा मात्र बाहेर. अशा पोराचा पुढं काय माणूस झाला? महाडच्या बाजाराला येणाऱ्या आपल्या माणसांना घोटभर पाणी मिळत नव्हतं, तर मोऱ्यांच्या पुढाकारानं गावात अस्पृश्यांसाठी चहाचं दुकान निघालं. बाजारहाटाला आलेला माणूस तिथं टेकायचा, पाणी प्यायचा, अर्ज लिहून घ्यायचा, गावोगावच्या बातम्या तिथं जमायच्या. १९२७ची परिषद काही आकाशातून पडली नाही. ती अशा बाकड्यावर, अशा कपबशीच्या आवाजात शिजली. हेच मोरे पुढं मुंबईत गिरणी कामगारांचे आणि कम्युनिस्ट चळवळीचे कार्यकर्ते झाले. म्हणून त्यांच्याबद्दल लिहिताना माझी लेखणी जरा जास्त रेंगाळते, ते समजून घ्या.

आता कागद बघा. ४ ऑगस्ट १९२३ला मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला. सरकारी पैशानं बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. ५ जानेवारी १९२४ला महाड म्युनिसिपालटीनं ठराव करून चवदार तळं खुलं केलं. अध्यक्ष होते सुरेंद्रनाथ टिपणीस, ज्यांना सुरबानाना म्हणत. ते सवर्णांतले, आणि तरी आपल्या बाजूनं उभे राहिले. अनंतराव चित्रेही तसेच. म्हणजे कागदावर तळं १९२४ सालीच आपलं होतं. पण कागदावरचं पाणी पिता येत नाही. ठरावानंतर तीन वर्षं एकाही माणसाला तळ्यावर उतरू दिलं नाही.

१९ आणि २० मार्च १९२७. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. जिल्ह्यातून आणि जिल्ह्याबाहेरून हजारो माणसं आली, त्यांत पेन्शनर शिपाई होते, शेतकरी होते, काखोटीला भाकरी बांधून आलेली पोरं होती. आणि या परिषदेला प्यायला पाणी चाळीस रुपयांचं विकत घ्यावं लागलं. भरतीच्या गावात, दोन नद्यांच्या गावात, तळ्याच्या गावात पाणी विकत! हा चाळीस रुपयांचा हिशेब मला मोठ्या मोठ्या भाषणांपेक्षा जास्त बोलका वाटतो. दुसऱ्या दिवशी अनंतराव चित्र्यांनी मंडपात सुचवलं की आता नुसतं बोलून उठू नका, तळ्यावर चला. माणसं रांगेनं निघाली. बाबासाहेब पुढं. ते तळ्यावर उतरले, पाणी प्याले. मागून सगळे प्याले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी खोटी आवई उठवली. जेवायला बसलेल्या, परतीला लागलेल्या माणसांवर काठ्या घेऊन जमाव तुटून पडला. अन्नात माती कालवली. काही माणसांना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला, म्हणून ती वाचली. आपल्याकडं रणांगण पाहिलेले शिपाई होते. त्यांना एक शब्द मिळाला असता तर महाड वेगळं दिसलं असतं. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. त्यांनी फिर्याद दिली. ६ जून १९२७ला पाच हल्लेखोरांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. आणि तळ्याचं काय? एकशे आठ घागरी दूध, दही, शेण, गोमूत्र ओतून, मंत्र म्हणून तळं शुद्ध केलं! त्या तळ्यावर मुसलमान पाणी भरत होते, गुरं पाणी पीत होती. बाटलं ते फक्त आमच्या ओंजळीनं. ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' सुरू झाला तो याच धगीत. आणि ४ ऑगस्ट १९२७ला म्युनिसिपालटीनं आपला १९२४चा ठराव मागं घेतला.

डिसेंबरात सत्याग्रह ठरला. १२ डिसेंबरला सवर्णांनी महाडच्या कोर्टात दावा लावला, की तळं आमच्या खाजगी मालकीसारखं आहे. १४ तारखेला कोर्टानं मनाईहुकूम दिला. २४ डिसेंबरला बाबासाहेब मुंबईहून निघाले ते 'पद्मावती' बोटीनं. धरमतरवरून मोटारीनं यायचं तर बसवाले अडवणूक करतील अशी भीती होती. म्हणून समुद्रानं बाणकोट, बाणकोटहून खाडीनं दासगाव, आणि दासगावहून पाच मैल पायी. ज्या खाडीनं हजारो वर्षं माल आला त्याच खाडीनं या वेळी माणूस आला. दासगावच्या धक्क्यावर हजारो सत्याग्रही त्यांच्या वाटेकडं डोळे लावून उभे होते. म्हणून मी म्हणतो की दासगाव हे आपलं ठिकाण आहे. बस तिथून सुसाट निघून जाते, कुणी उतरत नाही.

परिषदेला गावात एकाही हिंदूनं जागा दिली नाही. जागा दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं. तिथं २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृती जाळली. जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी, जन्मानं ब्राह्मण असलेल्या माणसानं. आपल्या पहिल्या भाषणात बाबासाहेबांनी या परिषदेची तुलना १७८९च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेशी केली, आणि सांगितलं की चवदार तळ्याचं पाणी प्यालो नाही म्हणून आपण मरणार नाही, आपण तिथं जातोय ते आपणही माणसं आहोत हे सिद्ध करायला. मनाईहुकमाचा मान राखून सत्याग्रह पुढं ढकलला. तळ्याभोवती मिरवणूक काढली, पाण्याला हात लावला नाही. तहानलेल्या हजारोंना पाण्याच्या काठावरून कोरडं परत फिरवायचं, हे पाणी प्यायला लावण्यापेक्षा अवघड. याच मुक्कामात ते आपल्या आयाबायांशी बोलले. लुगडं अंग झाकून नीट नेसा, गळ्या-हातातले जातीची खूण सांगणारे दागिने टाका, पोरींना शिकवा. आणि याच मुक्कामात ते जवळची बौद्ध लेणी पाहायला गेले, सोबत्यांना भिक्खूंच्या जगण्याबद्दल सांगत राहिले. धर्मांतराला अजून एकोणतीस वर्षं होती. पण महाडच्या डोंगरानं त्यांना आपलं जुनं घर तेव्हाच दाखवलं होतं.

आणि मग खटला. मित्रांनो, आपण कवी लोक मशाल, वणवा, ज्वालामुखी फार लिहितो. तारखा लिहीत नाही. लिहून घ्या. ८ जून १९३१ला महाड कोर्टाचा निकाल, आपल्या बाजूनं. सवर्ण अपिलात गेले. ३० जानेवारी १९३३ला ठाण्याच्या जिल्हा कोर्टाचा निकाल, आपल्या बाजूनं. ते हायकोर्टात गेले. १७ मार्च १९३७ला मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि वाडिया यांचा निकाल, आपल्या बाजूनं. पहिली ओंजळ २० मार्च १९२७. शेवटचा निकाल १७ मार्च १९३७. दहा वर्षांना तीन दिवस कमी.

हायकोर्टानं काय म्हटलं ते महत्त्वाचं. अस्पृश्यांना तळं बंद होतं ही वहिवाट अनादि काळापासूनची आहे, हे सवर्णांना शाबीत करता आलं नाही. तळ्याभोवती सवर्णांची घरं उठण्याच्या आधी कुणी हे पाणी फक्त आपलं म्हणून राखलं असेल, याचीच कोर्टाला शंका होती. म्हणजे काय? बंदी पुराणातली नव्हती. ती घरांच्या रांगेतून निघाली होती. आधी काठ बळकावला, मग पाणी बळकावलं, आणि शेवटी सांगितलं की हा तर सनातन धर्म! गांधारपाल्याचा दगड अठराशे वर्षांपूर्वीच्या पोढ्या दाखवतो आणि हायकोर्टाचा कागद सांगतो की बंदी अनादि असल्याचा पुरावा नाही. दोन्ही एका गावचे साक्षीदार. दोन्ही आपल्या बाजूचे.

मी गिरणीतला माणूस, म्हणून एक धागा जोडतोच. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. धोटा भरताना कांडीचं सूत तोंडानं ओढावं लागे. धाग्याला थुंकी लागणार, ती अस्पृश्याची कशी चालेल? म्हणून जास्त मजुरीचं विणकाम त्यांना, आणि कमी मजुरीचं रिंग खातं आम्हाला. १९२८च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांपुढं ठेवला, की कामगारांच्या एकीचं बोलता तर आधी विणकाम खातं खुलं करा. महाड १९२७, गिरणी १९२८. तिथं ओंजळ, इथं थुंकी. तळं काय आणि खातं काय, सवाल एकच होता. माझा आजा त्याच रिंग खात्यात खपला. मी आजही रिंगफ्रेमवर आहे, पण आता खातं जातीनं वाटत नाहीत. हे आपोआप झालं नाही.

मग आता महाड कसं बघायचं? एका दिवसात नाही. दोन दिवस काढा, आणि २० मार्च सोडूनही जा. पहिल्या दिवशी सकाळी दासगावला उतरा, खाडीचा काठ बघा आणि तिथून महाडपर्यंत चाला. पाच मैलच आहे. वाटेत २००५चा जुलै आठवा. २५-२६ जुलैच्या पावसात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन इथं दरडी कोसळून दीडशेहून जास्त माणसं गाडली गेली. दुपारी गांधारपाल्याची लेणी चढा. लेख वाचता आला नाही तरी पोढ्या बघा, आणि वरून खालचा नद्यांचा संगम बघा. गाव इथं का वसलं ते एका नजरेत कळेल. संध्याकाळी तळं आणि क्रांतिस्तंभ. दुसऱ्या दिवशी रायगड करा किंवा कोलची लेणी आणि सवचे गरम पाण्याचे झरे करा. वेळ राहिला तर रावढळ. तिथं फोटो काढण्यासारखं काही भव्य असो वा नसो. वलंगकरांच्या गावची माती आहे, तेवढं पुरे.

आणि नदीकडंही बघा. सावित्रीवरचा इंग्रजी अमलातला पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात वाहून गेला, दोन एसटी बसगाड्या माणसांसकट पाण्यात गेल्या. २२ जुलै २०२१ला महाड बाजारपेठ पुराखाली गेली आणि त्याच दिवशी तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं मेली. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने उभे राहिले तेव्हापासून सावित्रीच्या खाडीतले भोई-कोळी सांगताहेत, की सांडपाण्यानं मासळी गेली. म्हणजे पाण्याचा सवाल सुटला, आता नुसतं वंदन करायचं, असं समजू नका. तेव्हा पाणी होतं आणि पिऊ देत नव्हते. आता हातावर घ्यायला कुणाची मनाई नाही, पण नदी प्यायच्या लायकीची राहिली नाही. दरडीखाली कुणाच्या वाड्या येतात, पुराची नुकसानभरपाई कुणाला मिळते आणि कुणाला मिळत नाही, त्याची यादी तयार करणं हेही महाडचंच काम आहे.

१९२७ला शंभर वर्षं होत आली. मोठे मंडप पडतील, पुढारी येतील, हार पडतील. पडू देत. पण आपण, वीस-बावीस वर्षांची पोरं, तेवढ्यावर भागवू नये. महाडच्या माणसांनी काय काय केलं ते मोजा. वलंगकरांनी सवाल छापले. मोऱ्यांनी पेपराला पत्र लिहिलं आणि चहाचं दुकान काढलं. बोल्यांनी ठराव मांडला. टिपणीसांनी तो म्युनिसिपालटीत आणला. हजारोंनी ओंजळ भरली. जखमींनी साक्षी दिल्या. बाबासाहेबांनी दहा वर्षं खटला चालवला. यातलं एकही काम दुसऱ्यापेक्षा हलकं नव्हतं. घोषणा द्यायला दम लागतो, दहा वर्षं तारखांना हजर राहायलाही लागतो.

म्हणून माझी विनंती एवढीच. तुमच्या गावातल्या, वस्तीतल्या पाण्याचा कागद शोधा. विहीर कुणाच्या नावावर आहे, नळ कुठल्या साली आला, कुठल्या गल्लीत आधी आला, कुठल्या गल्लीत अजून आला नाही. ग्रामपंचायतीत जा, नगरपालिकेत जा, ठराव मागा, नक्कल घ्या, तारीख लिहा. म्हाताऱ्या माणसांना विचारा की कुठल्या काठावर उभं राहून त्यांनी पाण्याची वाट बघितली. ते लिहा आणि या अंकाला पाठवा. अक्षर वाकडं असलं तरी चालेल. स्टेन्सिल कापायला आम्ही बसलोच आहोत.